धुतलेली खुर्ची

काल चार्ज देऊन झाला. आज उरलेलं सामान न्यायला कचेरीत आले, तर आवारात शिपाई व्यंकटी माझी फिरती खुर्ची धूत होता. पाणी टँकरचं, त्याच्यासाठी फाटकाबाहेर बायका घागरी घेऊन ताटकळत होत्या. व्हरांड्यातून नवे साहेब सांगत होते, "पाठीची जाळी घास नीट. जयभीमवाली बसत होती तिच्यावर." मला बघून म्हणाले, "राग मानू नका मॅडम, घरची रीत हाय." मी धुऊन होईस्तोवर थांबले. कमरेचा आधार, हात, चाकं, खालीवर करायचा खटका, सगळं लखलखीत झालं, शेवटची बादलीही रिकामी झाली. मग मी सामानासाठी आणलेल्या टेम्पोवाल्याला म्हटलं, "उचल, गाडीत ठेव. माझ्या मणक्यासाठी घरून आणलेली हाय." साहेब खेकसले, "मग मी कशावर बसू?" "आत सरकारी लाकडी खुर्ची हाय की," मी म्हटलं. "पण तिच्यावरबी आधी मीच बसत होते. आन् पाणी तर संपलं."