चालीचं कुलूप

“माणसाने चोरीवर कायमचा विजय मिळवला आहे!” सुरक्षाशास्त्राचे विभागप्रमुख टिळेकर सर गरजले आणि परीक्षेच्या खोलीसमोर चौथी फेरी मारू लागले. दार फक्त त्यांची चाल ओळखून उघडे; आज मात्र ते ढिम्म हलेना.

“सर, बारापर्यंत माझी तोंडी परीक्षा झाली नाही, तर वर्ष जाईल,” शलाका म्हणाली.

“मग तूच उघड की! पैकीच्या पैकी देतो.”

दाराला नेमकं खटकतंय काय? शलाकाने तीन वर्षांतलं पदार्थविज्ञान, कायदा, मानसशास्त्र, सगळं आठवून पाहिलं. मग तिचं लक्ष सरांच्या करकरणाऱ्या नव्या बुटांकडे गेलं. तिने त्यांच्या घरी फोन लावला.

“काकू, सरांच्या जुन्या चपला फेकल्या नसतील, तर तेवढ्या पाठवता का?”