दहा ते पाचची ड्यूटी

"सात वाजून एकोणचाळीस मिनिटं."

"ताई, पुन्हा एकदा. शेवटी आवाज पडला," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"तीन दिवस नुसती वेळ सांगतेय, आवाज पडणार नाही तर काय नाचणार?" असं म्हणून ताईंनी घोटभर कोमट पाणी घेतलं आणि पुन्हा एकोणचाळीस मिनिटं म्हटली. बारा तासांची सातशेवीस मिनिटं होती. एकेक वेगळं बोलायचं, तेही एका पट्टीत. खोकला आला की ते मिनिट पुन्हा. पण तक्रार कोणाकडे करणार? ही हौस ताईंचीच होती.

शहराच्या या रेडिओ केंद्रावर त्यांनी चौतीस वर्षं काढली. आल्या तेव्हा केंद्रावर बातम्या आणि बाजारभाव असायचे. मग फर्माईशीची गाणी आली, पोत्यानं पत्रं यायची. मग श्रोत्यांचे फोन आणि रहदारीच्या खबरा आल्या. दर वेळी नवा साहेब यायचा, 'आता लोकांना हेच हवंय' म्हणून छातीठोकपणे सांगायचा आणि दोनचार जणांच्या हातात नारळ द्यायचा. ताई दर वेळी टिकल्या. या खेपेला मात्र सगळाच कारभार आटोपला. चोवीस तास फक्त गाणी, आणि ती यंत्र लावणार. निवेदक नकोतच.

नोकरीचं ताईंना एवढं वाटलं नाही. निवृत्तीला दोनच महिने उरले होते. घोर होता तो घरचा. यजमानांची आठवण दोन वर्षांपासून विरत चालली होती. घरात ताई समोर वावरल्या तरी त्यांना पत्ता नसायचा. पण दिवसभर रेडिओवर ताईंचा आवाज आला की ते शांत असायचे. "बायको ड्यूटीवर आहे," सांभाळायला येणाऱ्या मावशींना ऐटीत सांगायचे. पाचला तो आवाज थांबला की दाराकडे डोळे लावून बसायचे. सहाला बेल वाजली की स्वतः उठून दार उघडायचे आणि म्हणायचे, "आलीस?" तेवढं एकदा, दारात, ते ताईंना ओळखत. त्या एका शब्दावर ताईंचा दिवस निघत होता.

म्हणून ताईंनी साहेबाला गळ घातली. "यंत्राला वेळ सांगायला कोणाचा तरी आवाज लागेलच ना? माझा घ्या." साहेबानं हो म्हटलं. रेडिओवर आवाजही राहणार आणि आपण दिवसभर घरीही असणार. दुधात साखरच की, ताईंना वाटलं.

घरी राहायच्या पहिल्या दिवशी त्यांनी मावशींना सुट्टी दिली. यजमानांसमोर चहा ठेवला. रेडिओ म्हणाला, "दहा वाजून वीस मिनिटं." यजमान रेडिओकडे बघून हसले. मग ताईंना म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन का? चहा छान झालाय हं. माझी बायको सहाला येईल."

ताईंनी धीर धरला. सहाच्या जरा आधी पर्स घेऊन त्या बाहेर जिन्यात उभ्या राहिल्या आणि ठोक्याला बेल वाजवली.

दार उघडलं. आतून ताईंचाच आवाज आला, "सहा वाजले आहेत."

यजमानांनी वळून रेडिओकडे पाहिलं, मग ताईंकडे. "ती अजून सुटली नाही हो, बाई. आज काम फार दिसतंय." आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

यंत्र काही पाचला घरी जात नव्हतं. आठला तोच आवाज, दहाला तोच. यजमान जेवायला तयार होईनात, झोपायला तयार होईनात. "किती राबवतात तिला!" म्हणून डोळ्यांत पाणी आणत. ताईंनी रेडिओ बंद केला तर कावरेबावरे झाले. उठून स्वतःच पुन्हा लावला. चार दिवस असे गेले. आपल्याच आवाजानं आपल्याला दाराबाहेर ठेवलंय, हे ताईंना सहन होईना.

पाचव्या दिवशी मावशींना घरी बसवून त्या केंद्रावर गेल्या.

"या, ताई! लोक खूश आहेत तुमच्या आवाजावर," साहेब म्हणाला.

"साहेब, यंत्राला माझी ड्यूटी लावा. दहा ते पाच. पाचला मला घरी सोडा."

साहेब हसायला गेला आणि ताईंचा चेहरा बघून थांबला. ताईंनी सगळं सांगितलं, अगदी रडत सांगितलं. रेकॉर्डिंगवाला दारात उभा राहून ऐकत होता. "पाचनंतर मी बोलतो, ताई," तो म्हणाला. आणि त्या पठ्ठ्यानं खरंच आपल्या घोगऱ्या आवाजात सातशेवीस मिनिटं म्हटली.

सोमवारी पाच वाजता रेडिओवर घोगरा आवाज आला. यजमान ताडकन उठले. केसांवरून कंगवा फिरवला. दारासमोर खुर्ची ओढली.

थोड्या वेळानं ताईंनी पर्स उचलली. "येते मी."

"या, बाई. ती पोचेलच आता."

सहाला बेल वाजली. दार उघडलं.

"आलीस?"

"आले," ताई कशाबशा म्हणाल्या.

यजमानांनी त्यांच्या हातातली पर्स घेतली, जिन्यात कोणी ऐकत नाही ना हे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अगं, दिवसभर एक बाई येऊन बसतात इथे. फार माया करतात. एकदा तुमची गाठ घालून द्यायला हवी."