निळ्या पाटीची गाडी

पोलिस ठाण्याच्या बाकावर उत्तमरावांच्या शेजारीच तो परदेशी अधिकारी बसला होता. सकाळी लोणारचं सरोवर पाहायला निघालेल्या त्याच्या, वकिलातीच्या गाड्यांना असते तशा निळ्या नंबरपाटीच्या गाडीने देऊळगाव राजाजवळच्या वळणावर निशिगंधाच्या स्कूटरला धडक दिली, आणि ती, उत्तमरावांची एकुलती एक मुलगी, जागच्या जागी गेली. चूक माझीच, गाडी चालवताना डोळा लागला, हे त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत स्वतःहून सांगितलं होतं. “मंग आता केस कवा उभी राहीन?” उत्तमरावांनी विचारलं. फौजदार खाली पाहत म्हणाले, “काका, याच्या देशाच्या कार्यालयाले आपल्या सरकारनं वकिलातीसारखं संरक्षण देलं आहे. याले अटक नाही, कोर्ट नाही.” “पण तो तं गुन्हा कबूल करून राह्यला.” “करू द्या. ते संरक्षण सोडणं त्याच्या हातात नाही. त्याच्या सरकारले विचारलं, ते नाही म्हणाले.” संध्याकाळी त्याला न्यायला मुंबईहून दुसरी गाडी आली. तो उठेना. उत्तमरावांपुढे हात जोडून तसाच बसून राहिला. उत्तमरावांनी त्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “जाय बाबा. तू इथं बसून राह्यला, तर मलेही उठता येत नाही.” तो गेला. फौजदारांनी उत्तमरावांसाठी जीप काढायला सांगितली. घरी त्यांची बायको मनकर्णाबाई एकच गोष्ट विचारणार होत्या, त्याले आत टाकला का. जीप दारात येऊन उभी राहिली, तरी उत्तमराव बाकावरून उठले नाहीत.