चार गोल वळणं

डर्मटने लिलावात घेतलेली, दोन चाकांवर पातं फिरवणारी पट्टा-करवत काही केल्या सरळ कापत नव्हती. नातीच्या पाळण्यासाठी पाइनच्या फळ्या चिरायच्या होत्या. पातं निम्म्यापर्यंत मुकाट जाई, मग ओळीने चार बारीक, गोल वळणं घेऊन पुन्हा रेषेवर येई. प्रत्येक फळीत, नेमकं तिथंच.

त्याने पातं बदललं, चाकं एका रेषेत आणली. वळणं गेली नाहीत.

त्याची बायको नोरीन चहा घेऊन शेडमध्ये आली. तिने त्या वळणांवर बोटं टेकवून पाहिली. "अगं बाई, ही तर बोटांची टोकं! पण माझी बसत नाहीत रे. कुणाचा तरी लहान हात आहे."

"झालं तुझं सुरू!"

"हस बाबा. पण ही करवत कुणाची तरी बोटं सांभाळून जातेय. जाऊ दे तिला तशीच."

"आणि पाळण्याला वाकड्या पट्ट्या ठोकू?"

डर्मट हट्टाला पेटला. त्याने पात्याचा ताण वाढवला, दोन्ही बाजूंचे आधार पात्याच्या अगदी जवळ आणले आणि फळी सगळा जोर लावून पुढे रेटली. निम्म्यावर करवतीचा आवाज क्षणभर जड झाला, ओलं लाकूड लागल्यासारखा. फळी तर खडखडीत वाळलेली होती.

काप मात्र सरळ आला.

"बघ!" म्हणत त्याने लगेच दुसरी फळी लावली. निम्म्यावर पातं पुन्हा वळलं.

नोरीनने कापावरून हळूच बोट फिरवलं.

या वेळी वळणं तीनच होती.