सिमेंटचे सांधे

छिन्नी लावायच्या आधीच विटेचं तोंड खपलीसारखं सुटून डेल्फिनच्या हातात आलं. वीट दोनशे वर्षांची. तिच्याभोवतीचा सिमेंटचा सांधा मात्र ठणठणीत होता, काल भरल्यासारखा. धुरांड्याच्या चारही बाजूंना हेच. विटा खंगलेल्या आणि सांधे छाती काढून उभे.

डेल्फिनला कारण शोधावं लागलं नाही. जुनी वीट मऊ, पाणी पिणारी. चुन्याच्या सांध्यातून ते पाणी वाट काढून निघून जातं. सिमेंट ते कोंडून ठेवतं. मग अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या मेन राज्यातल्या थंडीत ते विटेच्या पोटात गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड उडवतं. एवढी साधी गोष्ट. पण ती लोकांना पटवताना तिचा घसा कोरडा पडायचा.

माथ्यावरची काजळी पुसताना तिला सिमेंटमध्ये अक्षरं दिसली. ओलं असताना खिळ्याने कोरलेली. ए. ओ., १९८४. आर्मां ओलेट. तिचे वडील.

गावातल्या निम्म्या धुरांड्यांचे सांधे आर्मांनीच भरलेले होते. नऊ वर्षांपूर्वी डेल्फिन चुन्याचं काम शिकून आली, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "चुना? त्यापेक्षा लोणी भर पोरी. निदान पावाला तरी लावता येईल." सगळे हसले होते. तेव्हापासून शनिवारच्या जेवणाला बापलेक हवेवर बोलत, गुडघ्यांवर बोलत. कामाचा विषय कुणी काढत नसे.

आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. हात कापायचे. उरलं होतं ते नाव. खरं सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत पोस्टात आणि चर्चमध्ये त्याचा बोभाटा झाला असता. विटाच कुजक्या म्हणावं, तर घरमालकीण व्हिटकॉम्बबाई सगळं पाडून नव्या विटांचं धुरांडं बांधायला सांगणार, आणि या विटा कचऱ्यात जाणार. तेही तिच्याने होईना. बाईंनी हे घर घेऊन सहाच वर्षं झाली होती. सिमेंट कुणी भरलं, हे त्यांना माहीत नसणार. तेवढाच काय तो आधार होता.

तिने छिन्नी उचलली आणि आधी ती दोन अक्षरं फोडली. फार वाईट वाटलं. मग वर्षही फोडलं.

ती शिडीवरून उतरली तेव्हा व्हिटकॉम्बबाई पायरीवर कॉफी घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हणतंय आमचं म्हातारं?"

"विटा चांगल्या आहेत," डेल्फिन म्हणाली. "सिमेंटनं घात केलाय. छपरावरचा भाग उतरवून पुन्हा चुन्यात बांधू. याच विटा, उडालेली तोंडं आत फिरवून."

"आणि ते सिमेंट भरलं कुणी?"

"काय माहीत." तिने हातमोजे काढायला जरा जास्तच वेळ घेतला. "त्या काळात सगळेच भरायचे. असेल कुणीतरी बाहेरगावचा."

बाईंनी कप खाली ठेवला.

"पोरी, तुला खोटं बोलता येत नाही. नको बोलूस. एप्रिलमध्ये तुझे वडील काठी टेकत आले होते इथे. आत या म्हटलं तर आले नाहीत, टोपी हातात धरून दारातच उभे. म्हणाले, 'बाई, तुमचं धुरांडं मी बिघडवलंय. माझ्या डेल्फिनला बोलवा, तिला चुना येतो. फक्त मी पाठवलं, एवढं तिला सांगू नका.'"