चार बोटं पट्टी

"काकू, हात खाली सोडा," असं म्हणत बोटवाल्याने लाइफ जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढले. जॅकेट वर आलं, काकू होत्या तिथेच राहिल्या. आधी हनुवटी आत गेली, मग नाक, आणि शेवटी नुसते पांढरे केस दिसत राहिले.

"नाही चालणार. पाण्यात पडल्या तर जॅकेट तरंगेल आणि काकू जातील तळाला. मोठ्यांचं याहून लहान माझ्याकडे नाही. ज्याच्या अंगात बसत नाही, त्याला मी बोटीवर घेत नाही."

उद्या सकाळी सहाला बोट सुटायची होती. खोल समुद्रात गळ टाकून एक तरी मासा स्वतःच्या हाताने ओढायचा, हे काकूंचं किती वर्षांचं वेड. टोपी, पाण्याच्या बाटल्या, मळमळलं तर चघळायला आल्याचे तुकडे, सगळं परवापासून पिशवीत भरून तयार होतं.

"राहू दे मग," जॅकेटमधून डोकं बाहेर काढत काकू म्हणाल्या. "आपण किनाऱ्यावर बसू."

काकूंच्या नवऱ्याला, टेलरमास्तरांना, खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पोहणं दोघांनाही येत नव्हतं, आणि मास्तरांना तर पाण्याची भीतीच वाटायची. आठ दिवस ते मनातल्या मनात वादळाची वाट बघत होते. आता आयतंच कारण हाती आलं होतं. पण बायको ती टोपी घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवू लागली, आणि मास्तरांना ते काही बघवेना.

"जाड सुई आहे का?" त्यांनी बोटवाल्याला विचारलं.

"आहे, ताडपत्री शिवायची. पण काका, आतल्या फोमला भोक पाडायचं नाही. पट्ट्यांचं काय करायचं ते करा."

मास्तरांनी खिशातून टेप काढली.

"अहो, सुट्टीवर आलोय आपण! टेप कशाला आणलीत?"

"अंगुस्तान पण आणलंय," असं म्हणत मास्तरांनी दुसऱ्या खिशातून ते काढून, सुई टोचू नये म्हणून बोटात चढवलं. "सरळ उभी राहा. पोट सोड. खोट्या मापावर कपडा बसत नाही."

हे वाक्य त्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ऐकलं होतं, आणि शेजारी काजं-बटणं करत बसलेल्या काकूंनी तर हजारदा.

धक्क्यावरच्या पालथ्या खोक्यावर बसून मास्तरांनी तासभर सुई चालवली. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या चार-चार बोटं कापल्या आणि दुहेरी टाके घातले. उरलेले तुकडे सवयीने खिशात गेले. चिंधी टाकायचा त्यांचा हातच नव्हता.

बोटवाल्याने पुन्हा खांदे धरून ओढले. जॅकेट तसूभर हललं नाही, उलट काकूच चवड्यांवर आल्या.

"पास! आता काका, तुमचं."

मास्तर ऐटीत उठले. सगळ्यात मोठं जॅकेट अंगावर चढवलं, पट्टी ओढली, आणखी ओढली. बक्कल चार बोटं लांबच राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पोट पाठीला लावलं, श्वास कोंडला आणि जोर लावून बक्कल अडकवलं.

"छान बसलंय की. काका, आता जरा बोला काहीतरी."

मास्तरांनी फक्त मान हलवली. चेहरा लाल होत चालला होता. बोटवाल्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे गदागदा हलत होते.

"मी थांबतो," शेवटी बक्कल सोडून धापा टाकत मास्तर म्हणाले. "तू जा. तुझं बसलंय ना!"

"एकटी?" काकूंनी त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली आणि त्यांच्या पोटाभोवती फिरवली. मास्तरांनी पुन्हा श्वास आत ओढला.

"सोडा," काकू म्हणाल्या. "खोट्या मापावर कपडा बसत नाही."

मास्तरांनी पोट सोडलं. काकूंनी माप बघितलं, मग त्यांच्या खिशात हात घालून आपल्या पट्ट्यांचे तुकडे बाहेर काढले, आणि बोटात अंगुस्तान चढवून त्याच खोक्यावर बसल्या.