हाडांचं वय

मुलगी बघायला आलेल्या सरनोबतबाईंनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि अवंतीच्या मनगटावर मोबाइल धरला. हल्ली पत्रिकेच्या आधी हाडांचं वय बघतात. आकडा आला, एकसष्ट.

"सत्तावीस सांगितलं होतंत! फसवता होय आम्हाला?"

"सत्तावीसच आहे," अवंती म्हणाली. "नळाच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं हाडं म्हातारी झालीत. अख्ख्या गल्लीची हीच गत आहे."

"शहराचं पाणी शुद्ध आहे," बाईंशेजारी बसलेले त्यांचे यजमान, पाणीखात्याचे प्रमुख सरनोबत खेकसले. "मीच दाखला देतो तसा!"

अवंतीनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे आदळला. "मग घ्या ना! आल्यापासून तसाच आहे."

सरनोबतांना जोराचा ठसका लागला. बाईंनी सवयीनं पिशवीतली विकतच्या पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून त्यांच्या हातात दिली.